दार, हुंकार आणि गोष्ट : शालेय कथाकथनातील एक नैतिक पेच

मराठीतील ‘गोष्ट’ हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’पासून आला आहे, आणि गोष्ठी म्हणजे मुळात सभा, चारचौघांचे एकत्र बसणे व त्या बसण्यातले संभाषण. कथेला हे नाव तिच्यातील घटनेवरून किंवा सांगणाऱ्यावरून न मिळता ती जेथे सांगितली जाते त्या मेळाव्यावरून मिळावे, ही बाब कोशगत कुतूहलापुरती ठेवण्याजोगी नाही. गोष्ट आणि समुदाय यांचा संबंध भाषेने आधीच जोडून ठेवलेला आहे. म्हणून शाळा नावाच्या समुदायाला एकत्र आणण्यासाठी, त्याच्यात आपलेपणा निर्माण करण्यासाठी खेळकर गोष्टींचा उपयोग करावा, असे शिक्षणविचारात मांडले जाते तेव्हा त्यात नवे काही नाही असे प्रथमदर्शनी वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कथाकथनाधारित अध्यापनाचा अनुभवाधिष्ठित शिक्षणाच्या संदर्भात उल्लेख केला, आणि आजीच्या मांडीवरची गोष्ट अध्यापनपद्धतींच्या यादीत जाऊन बसली. यात गैर काय, असे कोणीही विचारील. गैर असेलच असे नाही. पण ‘उपयोग करणे’ हे क्रियापद खेळकर गोष्टीला लावता येते काय, आणि लावल्यास ऐकणाऱ्या मुलाच्या संदर्भात त्याचा नैतिक अर्थ कोणता होतो, हे धोरणाच्या भाषेत विचारता येत नाही. त्यासाठी साहित्यविचाराकडेच यावे लागते.

पेच असा. खेळाला खेळाबाहेरचे प्रयोजन नसते. योहान हायझिंगा या डच इतिहासकाराने ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात क्रीडेची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत स्वेच्छा हे पहिले आहे; हुकमावरून खेळला जाणारा खेळ त्याच्या मते खेळ राहत नाही, फार तर खेळाची नक्कल होते. उलट शाळा ही प्रयोजनावरच उभी असलेली संस्था आहे. तेथे घंटा असते, हजेरी असते, इयत्ता असते. मूल तेथे स्वतःच्या इच्छेने आलेले नसते आणि कंटाळा आला म्हणून उठून जाण्याची मुभाही त्याला नसते. मग शाळेतली खेळकर गोष्ट ही क्रीडा, की क्रीडेचे सोंग घेतलेले काम? मराठी समीक्षेला हा प्रश्न वेगळ्या रूपात परिचयाचा आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला या फडके-खांडेकर वादात तो होता, पुढे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांच्या द्वारे त्याची कितीतरी कसदार मांडणी केली. मात्र या साऱ्या चर्चेत वाचक प्रौढ गृहीत धरलेला आहे. त्याला पुस्तक मिटता येते. शाळेतल्या श्रोत्याला ते मिटता येत नाही, आणि एवढ्या एका फरकाने सौंदर्यशास्त्रातला प्रश्न नीतिशास्त्राच्या दारात येऊन उभा राहतो.

या प्रश्नाला जुन्या काळी एक सोपे उत्तर दिले जाई. भामहाने ‘काव्यालंकारा’त म्हटले आहे, की आधी मध चाटलेली माणसे कडू औषधही पिऊन टाकतात, तसेच काव्यरसात कालवलेले शास्त्र पचनी पडते. रोमन कवी लुक्रेशियस यानेही हीच प्रतिमा योजली आहे, आणि त्याने तर मूलच समोर आणले आहे. वैद्य पेल्याच्या काठाला मध लावतो, मूल फसते, पण त्या फसण्याने त्याचा घात न होता ते बरे होते. दोन दूरच्या परंपरांत एकच दृष्टान्त आढळतो म्हणून कोणी कोणाकडून घेतला याचा शोध घेण्यापेक्षा, मुलांशी वागताना प्रौढांना पडणारा मोह सर्वत्र सारखाच असतो असे समजणे अधिक सयुक्तिक होईल. लुक्रेशियसचा प्रामाणिकपणा एवढाच, की फसवण्याची गोष्ट त्याने लपवली नाही. या दृष्टान्तात मध निराळा आणि औषध निराळे. औषध घशाखाली उतरले की मधाचे काम संपले. गोष्टीला जो काठावरचा मध समजतो त्याला गोष्टीबद्दल आदर नसतोच, पण आपल्या औषधाच्या गुणाबद्दलही त्याला पुरता विश्वास नसतो. मम्मटाचा कान्तासंमित उपदेश याहून सूक्ष्म आहे. प्रभू आज्ञा करतो, मित्र समजावतो आणि कान्ता रसाच्या योगे वळवते, या त्याच्या प्रसिद्ध श्रेणीत निदान एक संबंध गृहीत आहे. कान्तेचे ऐकले जाते ते आधीपासून असलेल्या प्रीतीमुळे. तरीही जो वळवला जात आहे त्याला ते ठाऊक असते काय, आणि त्याला वळायचे नसेल तर काय, या बाजूकडे मम्मट पाहत नाही.

याबाबतीत शास्त्रकारांपेक्षा कथाकार अधिक जाणते ठरतात. ‘पंचतंत्रा’ची चौकट ही शाळेचीच चौकट आहे. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याचे तीन मंद बुद्धीचे पुत्र, आणि ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा. मोबदल्यासाठी विद्या विकणार नाही असे सांगून तो सहा महिन्यांत राजपुत्रांना नीतिशास्त्रात निपुण करण्याचा पण करतो. तसे न घडल्यास स्वतःचे नाव टाकून देण्याची त्याची तयारी आहे. सांगणाऱ्याने काहीतरी पणाला लावले आहे, ही या चौकटीतली सहसा दुर्लक्षिली जाणारी बाब. राजपुत्रांना मात्र कोणी काही विचारलेले नाही. त्यांचे न विचारले जाणे कथेला जाणवत असावे. कारण चौकटीच्या आत, प्रत्येक गोष्टीच्या उंबरठ्यावर, एक पात्र दुसऱ्याला ‘कथमेतत्’ म्हणजे ‘ते कसे?’ असे विचारते आणि विचारल्यावरच गोष्ट सुरू होते. ‘हितोपदेशा’त तर एक पायरी पुढे टाकलेली दिसते. तेथे पहिला भाग संपल्यावर राजपुत्र स्वतः बोलतात आणि पुढचा भाग ऐकण्याची इच्छा असल्याचे सांगतात. उपदेशाचा हेतू उघड असलेल्या या ग्रंथांनाही श्रोत्याच्या मागणीवाचून गोष्ट पुढे सरकवणे योग्य वाटलेले नाही.

लोकपरंपरेत या मागणीला नाव आहे : हुंकार. रात्री अंथरुणावर पडून गोष्ट ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्यागणिक ‘हं’ म्हणायचे. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असे समजून सांगणारा थांबतो. हुंकाराला आजवर कथनशैलीचा एक गमतीदार तपशील म्हणून पाहिले गेले आहे. वस्तुतः तो कथनव्यवहारातील अनुमतीचे चिन्ह आहे. तो प्रत्येक वाक्याला नव्याने द्यावा लागतो, एकदा दिलेला पुढच्या वाक्याला पुरत नाही. आणि तो रोखता येतो म्हणूनच त्याला अर्थ असतो. जो हुंकार रोखण्याची सोय नाही तो हुंकार नव्हे. ‘समजले का?’ या प्रश्नावर साठ मुलांच्या वर्गातून एका सुरात उठणारा ‘होऽऽ’ प्रत्येक मराठी शाळेच्या भिंतींना पाठ आहे. त्याचे हुंकाराशी बाह्य साम्य आहे, नाते काहीच नाही. तेव्हा शाळेत सांगितलेली गोष्ट क्रीडा ठरते की आमिष, हे तिच्यामागच्या हेतूवरून ठरवता येणार नाही. हेतू बहुधा चांगलाच असतो. तेथे खरा हुंकार शक्य आहे की नाही, यावर ते ठरवावे लागेल.

ही कसोटी एका परिचित उदाहरणाला लावून पाहण्यासारखी आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. मॉन्टेसरीच्या विचारांनी ते प्रभावित झालेले होते, पण एका मुद्द्यावर त्यांनी आपल्या गुरूशी स्पष्ट फारकत घेतली, आणि तो मुद्दा गोष्टीचाच होता. मॉन्टेसरीला लहान मुलांना अद्भुत कथा सांगणे मान्य नव्हते. सणाच्या रात्री भेटवस्तू आणणाऱ्या म्हाताऱ्याची कथा मुलांना खरी म्हणून सांगतात, तेव्हा कल्पनाशक्ती वापरतो तो प्रौढ. मुलाच्या वाट्याला येतो तो केवळ विश्वास. आणि त्या भाबड्या विश्वासाची मौज पुन्हा प्रौढच लुटतो, असा तिचा आक्षेप आहे. हा आक्षेप रूक्ष म्हणून बाजूला सारण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. खेळात दोन्ही बाजूंना खेळ चालला असल्याचे ठाऊक असावे लागते. एकालाच ठाऊक असेल तर तो खेळ नसून चेष्टा होते, असेच मॉन्टेसरी सांगत होती. गिजुभाईंनी या आक्षेपाला सिद्धान्ताने उत्तर देण्यापेक्षा गोष्टी सांगूनच उत्तर दिले, कथाकथनावर स्वतंत्र शास्त्रग्रंथ लिहिला आणि त्यात आनंद हाच गोष्टीचा पहिला हेतू मानला. (मॉन्टेसरी भारतात आली ती १९३९ च्या उत्तरार्धात, गिजुभाई त्याच वर्षीच्या जूनमध्ये निवर्तले होते. हा वाद समोरासमोर भारतभूमीवर व्हायचा तो राहूनच गेला.)

गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे मूळ गुजराती पुस्तक मराठी शिक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांना माहीत आहे. त्यातील निवेदक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी काढून चौथीचा वर्ग एका वर्षासाठी प्रयोगाला घेतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ योजतो आणि त्याचा फज्जा उडतो. दुसऱ्या दिवशी तो एका राजाची आणि त्याच्या सात राण्यांची गोष्ट सुरू करतो. वर्ग ताब्यात येतो. ‘ताब्यात येतो’ हे शब्द येथे हेतुतः योजले आहेत. शांततेचा खेळ फसला, कारण तो खेळाच्या नावाखाली दिलेला हुकूम होता आणि मुलांनी ते तत्काळ ओळखले. गोष्ट यशस्वी झाली. पण यशस्वी होताच शिक्षक तिच्या बळावर हजेरी, नीट बसणे, स्वच्छता अशी शाळेची कामे उरकून घेऊ लागतो. गोष्ट हवी, तर आधी हे. यास आमिष म्हणावे काय? येथे एक भेद केला पाहिजे. आमिषात गळ लपलेला असतो. सौद्यात अटी उघड असतात. गिजुभाईंचा शिक्षक गोष्टीच्या पोटात स्वच्छतेचा उपदेश दडवीत नाही. तो गोष्ट थांबवतो, काम सांगतो, आणि मग गोष्ट पुढे नेतो. सातही राण्या हजेरीपासून अस्पर्श राहतात. सौदा हा क्रीडेहून खालच्या पायरीचा व्यवहार असला तरी फसवणुकीहून तो निश्चितच वरचा आहे. शिवाय पुढे तीच मुले ऐकलेल्या गोष्टी पाठांतरावाचून स्वतः नाटकरूपाने करू लागतात, तेव्हा गोष्टीची मालकी हलते. सांगणाऱ्याच्या हातून ती निसटली आहे आणि त्याची त्याला हरकत नाही.

परंतु ‘दिवास्वप्न’ स्वतःच एक गोष्ट आहे, ही बाब समीक्षकाने नजरेआड करता कामा नये. ती मुलांसाठी लिहिलेली नाही; तिचा श्रोता शिक्षक, मुख्याध्यापक, अधिकारी आणि पालक हा आहे. म्हणजे शाळासमुदायाला खेळकर गोष्टीने वळवण्याचा प्रयोग त्या पुस्तकाच्या आत जितका आहे तितकाच त्या पुस्तकाच्या लेखनातही आहे. साशंक अधिकारी, कुत्सित सहकारी, हसणारे मुख्याध्यापक हे सारे त्यात आहेत, पण त्यांचा नकार अखेरीस मावळण्यासाठीच योजलेला आहे. त्यांचे हुंकार लेखकानेच लिहून ठेवले आहेत. प्रौढांच्या बाबतीत यात अन्याय नाही. पुस्तकाचे नावच दिवास्वप्न आहे, आणि वाचक ते मिटू शकतो. तरी कथेने मन वळवण्याच्या तंत्राची ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते : कथेच्या आत विरोधक नेहमी लेखकाला हवे तितकेच बोलतो.

आतापर्यंतच्या विवेचनात गोष्टीतील आशयाचा प्रश्न बाजूला राहिला. तो तसा राहू देता येत नाही. ‘एमील’च्या (१७६२) दुसऱ्या खंडात रूसोने ला फोंतेनच्या बोधकथांची केलेली चिरफाड प्रसिद्ध आहे. कावळा आणि कोल्हा यांच्या कथेत मुलांनी कावळ्यापासून धडा घ्यावा अशी आपली अपेक्षा. मुले कोल्ह्याच्या बाजूला जातात. नाकतोडा आणि मुंगी यांच्या कथेत तर रूसोला भयंकर काही दिसते. हिवाळ्यात दाराशी आलेल्या भुकेल्याला मुंगी हाकलते. मूल मुंगी होणे पसंत करते, आणि नाकारणे तेवढे न शिकता नाकारताना टोमणा मारणेही शिकते. मानवी मनाला कमीपणाची भूमिका नकोशी असते, एवढ्या साध्या निरीक्षणावर रूसोचा युक्तिवाद उभा आहे आणि तो अद्याप कोणी समाधानकारकपणे खोडलेला नाही.

मराठी मुलाला रूसोची मुंगी भेटण्याच्या कितीतरी आधी चिमणी भेटते. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, आणि कावळा चिमणीच्या दाराशी उभा राहतो. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या तोंडी ही गोष्ट येते; म्हणजे मराठी गद्याच्या आरंभापासून ती या भाषेत आहे, आणि आजही बहुतेक घरांत पहिली गोष्ट म्हणून तीच सांगितली जाते. चिमणी दार उघडत नाही. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, पुसायचे आहे, काजळ घालायचे आहे, निजवायचे आहे. सगळी मौज या लांबणीत आहे. मूल हसते ते प्रत्येक नव्या सबबीला. काही सांगण्यांत दार शेवटी उघडते, पण आत आलेला कावळा चुलीपाशी जाऊन भाजतो. इतर सांगण्यांत तो पावसातच राहतो. या भाषेतल्या मुलाच्या कानावर पडणारी पहिली कथा ही आश्रय नाकारण्याची कथा आहे, आणि ती अत्यंत खेळकर आहे, या वस्तुस्थितीकडे बालसाहित्याच्या अभ्यासकांनी पुरेसे गांभीर्याने पाहिलेले दिसत नाही.

घरात ही गोष्ट एका मुलाला सांगितली जाते. शाळेत ती समुदायाला सांगितली जाते, आणि समुदायात सारवलेल्या घरातून आलेले मूलही असते. शेण आणि मेण हे यमक तेथे केवळ यमक राहत नाही. कोणाचे घर कशाचे, पाऊस आल्यावर कोणाचे घर जाते, कोणाच्या दाराशी कोणाला उभे राहावे लागते, आणि त्याला घरात घेतले तरी कोठपर्यंत, हे त्या वर्गाला गोष्टीबाहेरही ठाऊक असते. अशा वेळी शिक्षकासमोर दोन वाटा सहज येतात. पहिली प्लेटोची. ‘रिपब्लिक’मध्ये त्याने दाया व माता यांनी मुलांना मान्य कथाच सांगाव्यात अशी व्यवस्था सुचविली, तिला अनुसरून दार वेळीच उघडणारी, कावळ्याला ऊबदार जेवण वाढणारी चिमणी अलीकडच्या काही रूपांतरांत दिसू लागली आहे. या सुधारलेल्या चिमणीत खेळ उरत नाही, कारण सबबींची लांबण गेली की गोष्टच जाते; आणि त्याहून मोठा तोटा असा, की ‘तिने दार का नाही उघडले?’ हा प्रश्न विचारण्याची मुलाची संधीही जाते. हुंकार रोखावा असे काही त्या गोष्टीत शिल्लकच ठेवलेले नसते. दुसरी वाट गोष्ट जशीच्या तशी सांगून हसून मोकळे होण्याची. परंपरा म्हणून ती समर्थनीय वाटते, पण त्या हशात एक मूल सामील नसले तर ते शिक्षकाला कळण्याचा मार्ग तिच्यात नाही. गप्प बसलेल्या मुलाचे मौन संमतीत मोजणे हा शाळेचा जुना दोष आहे.

या पेचाचा सर्वांत प्रामाणिक लेखाजोखा एका अमेरिकी बालशिक्षिकेने मांडला आहे. व्हिव्हियन पेली (१९२९–२०१९) या जॉन ड्यूईने १८९६ मध्ये स्थापन केलेल्या शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बालवर्ग शिकवीत. त्यांची पद्धत वरकरणी साधी होती. मूल गोष्ट सांगते, शिक्षिका ती जशीच्या तशी लिहून घेते, आणि मग सारा वर्ग ती गोष्ट करून दाखवतो. येथे हुंकाराची दिशाच उलटलेली आहे. गोष्ट मुलाची आणि ‘हं, मग?’ म्हणणारी शिक्षिका. पण अनेक वर्षे गोष्टी लिहून घेता घेता त्यांना दिसत गेले, की खेळात कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे वर्गातली काही मुले ठरवतात, आणि ज्यांना नाकारले जाते ती वर्षभर तीच राहतात. ‘यू कान्ट से यू कान्ट प्ले’ (१९९२) या पुस्तकाचे नाव म्हणजे त्यांनी वर्गात लागू करायचे ठरवलेला नियम आहे : ‘तू खेळायचे नाहीस’ असे कोणी कोणाला म्हणायचे नाही. नियम लागू करण्यापूर्वी त्या मोठ्या इयत्तांतील मुलांकडे गेल्या, त्यांना विचारले. नियम न्याय्य आहे पण चालणार नाही, असा एकूण सूर त्यांना ऐकू आला. आणि बालवर्गातल्या एका मुलीने विचारले, की मग खेळण्यात अर्थच काय राहिला?

पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडून आलेला हा हायझिंगाचाच आक्षेप आहे. सोबती निवडण्याची मोकळीक काढून घेतली तर स्वेच्छा गेली, आणि स्वेच्छा गेली तर खेळ गेला. तिच्या या प्रश्नात चिमणीची बाजूही आहे, जी मुंगीच्या बाबतीत रूसोने ऐकून घेतली नाही. चिमणीच्या घरात खरोखरच बाळ आहे. न्हाऊ घालणे, निजवणे ही कामे खोटी नाहीत. गोष्ट त्यांना सबबी म्हणून रंगवते, पण त्या सबबीच आहेत असे कोठेही ठासून सांगत नाही. आपल्या घरात कोणाला घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार चिमणीला असावा काय? घराच्या बाबतीत उत्तर सोपे नाही. पेली यांचे उत्तर असे, की वर्ग हे घर नव्हे. ते सार्वजनिक ठिकाण आहे, आणि तेथल्या खेळाचे दार कोणा एकाच्या मालकीचे नाही. नियम मग वर्गातल्या कथाभिनयालाही लागू झाला. लेखक-मुलाला आपल्या गोष्टीतील भूमिका आपल्या आवडत्यांनाच वाटण्याचा हक्क उरला नाही. कथेच्या कर्त्याची स्वायत्तता येथे उघडपणे आखडली गेली आहे, आणि नैतिक लाभासाठी दिलेली ही किंमत आहे हे पेली लपवीत नाहीत.

मात्र याच पुस्तकात आणखी एक धागा आहे. नियमाच्या चर्चेच्या बरोबरीने पेली मुलांना मॅगपाय नावाच्या पक्ष्याची स्वतः रचलेली गोष्ट क्रमशः सांगत राहतात. हा पक्षी एकट्या पडलेल्यांना हुडकतो, त्यांना धीर देतो. गोष्ट मोहक आहे आणि मुले तिच्यात रमतात. तरी पुस्तकातील सर्वांत कमकुवत जागा हीच आहे, असे म्हणणे भाग आहे. नियम ठरलेला आहे. तो मांडला गेला आहे. त्याच्यावर आक्षेप घेण्याची मुभा मुलांना मिळाली आहे. अशा वेळी ज्या गोष्टीत नियमाच्या विरुद्ध बाजूला बोलायला कोणी नाही ती गोष्ट सांगणे म्हणजे वादात मध वाटण्यासारखे आहे. ‘मग खेळण्यात अर्थ काय?’ असे विचारणारी मुलगी वर्गात आहे, मॅगपायच्या जंगलात नाही. पेली यांच्या बाजूने एवढे सांगता येईल, की त्यांनी नियमाचे काम गोष्टीवर ढकललेले नाही. गोष्ट नसती तरी नियम लागू होणारच होता, आणि तो ‘माझा’ नियम आहे असे सांगून त्यांनी त्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. हा भेद कळीचा आहे. ज्या शाळेत मुलांनी मुलांना वगळू नये असे खरोखर वाटते तिला ते नियमाच्या भाषेत सांगण्याचे धैर्य दाखवावे लागते. ते न दाखवता केवळ समावेशाच्या गोड गोष्टी सांगणारी शाळा दोन गुन्हे एकदम करते : वगळलेल्या मुलाला संरक्षण देत नाही आणि गोष्टीलाही गोष्ट राहू देत नाही.

उलट गोष्टीकडून नियम जे करू शकत नाही ते मागता येते. नियम कावळ्याला आत घेतो. आत आल्यावर तो चुलीपाशी का बसला, आणि चिमणीने त्याला तेथेच का बसायला सांगितले, हे नियमाला विचारता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तराच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित गटांतील मुलांसाठी राखल्या. महाराष्ट्रात या तरतुदीला नियमदुरुस्तीने वळसा घालण्याचा प्रयत्न २०२४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. दार उघडे ठेवण्याचे काम असे कायद्यानेच करावे लागते, आणि तेथे चिऊकाऊची गोष्ट कोणाच्या उपयोगी पडत नाही. पण त्या दारातून आत आलेले मूल डबा खाताना कोणाशेजारी बसते, वर्गातल्या नाटकात त्याला कोणते सोंग मिळते, हे ज्या वर्गात बोलता यावे तेथे शेणामेणाची जुनी गोष्ट, न सुधारलेली, उपयोगी पडू शकते. शिक्षकाने ती सांगताना शेवट हातचा राखला, कावळ्याच्या बाजूने ती पुन्हा सांगण्याची मुभा दिली, आणि कोणी ती मुभा घेतली नाही तर त्या न घेण्यालाही उत्तर समजले, तर. यात शिक्षकाला धोका आहे. वर्ग एकमुखाने चिमणीची बाजू घेईल, हशा होईल, आणि त्या हशाचे काय करायचे हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नसेल. विष्णुशर्म्याने आपले नाव पणाला लावले होते. येथे पणाला लागतो तो शिक्षकाचा वर्गावरचा ताबा. तो सुरक्षित ठेवूनच गोष्ट सांगायची असेल तर तिला खेळकर म्हणण्याचे कारण नाही.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम केले. अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या. हरिजन आणि आदिवासी वस्त्यांतील मुले गावातल्या बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत नेली, झोपड्यांपुढच्या अंगणात भरवली, आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. तेथे गोष्टीही सांगितल्या गेल्या. परंतु गावातल्या बालवाडीचा उंबरठा ओलांडून वस्तीत जायचे, हे ताराबाईंनी गोष्ट सांगून कोणाच्या गळी उतरवले नव्हते. ते त्यांनी आधी ठरवले होते, आणि त्यावर गावाने जे म्हटले असेल ते ऐकून घेण्याची तयारीही त्यांनीच ठेवली होती.